जनुकांचे मौन आणि कर्करोगाचा शोध



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, याचा विचार आम्हांस फारसा करावा लागला नाही. विषय आपण होऊनच आमच्या दारी आला होता. दोनतीन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आमच्याकडे आले. कर्करोगाच्या पेशींतील जनुके गप्प करणारे नवे औषध निघाले आहे, अशा अर्थाचा ठळक मथळा त्या कात्रणावर होता. त्यांच्या पत्नीवर मुंबईस उपचार चालू होते. कात्रण पुढे करून ते म्हणाले, "इतकी वर्षे तुम्ही मुलांना शास्त्र शिकवलेत. मला एवढेच सांगा, हे खरे आहे का?"

त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले, त्याने त्यांचे समाधान झाले नाही आणि आमचेही झाले नाही. 'होय' म्हणावे तर ते पुरते खरे नव्हते. 'नाही' म्हणावे तर तेही खरे नव्हते. अशा प्रश्नाचे उत्तर उंबऱ्यावर उभे राहून देता येत नाही. त्यास तासभर निवांत बसावे लागते. तो तास आज आपण आम्हांस दिला आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवतो. औषध कोणते घ्यावे, हे येथे कोणी विचारू नये. परंतु जी बातमी वाचून माणसाच्या मनात आशा उभी राहते, तिच्या पाठीमागे काय आहे, हे समजून घेण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

प्रथम कर्करोग म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपल्या शरीरात लक्षावधी कोटी पेशी आहेत. कोणत्या पेशीने केव्हा वाढावे, केव्हा थांबावे आणि केव्हा मरावे, याचे नियम ठरलेले आहेत. हे नियम जनुकांत लिहिलेले असतात. प्रथिने बनविण्याचा मजकूर ज्यांत आहे अशी सुमारे वीस हजार जनुके माणसाच्या प्रत्येक पेशीत असतात. एखाद्या पेशीतील काही जनुकांत बिघाड होतो, थांबण्याचा नियम ती पेशी विसरते आणि तिची प्रजा वाढत जाते. हाच कर्करोग.

येथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. अडचण पुढे आहे. कर्करोगाची पेशी तपासली तर तिच्यात एकदोन नव्हे, पुष्कळ जनुके बिघडलेली सापडतात. त्यांतील बहुतेक बिघाड निरुपद्रवी असतात. भरधाव चाललेल्या मोटारगाडीत दहा माणसे बसलेली दिसली, म्हणून दहाही जणांनी ती हाकली असे होत नाही. हाकणारा एक असतो, बाकीचे नुसते बसलेले असतात. औषध शोधणाऱ्याला हाकणारा हवा असतो. उतारूला पकडून गाडी थांबत नाही. तेव्हा मूळ प्रश्न असा की, वीस हजारांतून हाकणारा ओळखायचा कसा?

आपल्यापैकी काहींनी जुने वाडे पाहिले असतील. वीज आली तेव्हा एकाने जोडणी केली, पुढे दुसऱ्याने वाढवली, तिसऱ्याने आणखी तारा ओढल्या. फळीवर वीस फ्यूज; कोणता कोणत्या खोलीचा, हे घरात कोणासच ठाऊक नाही. अशा वेळी आपण काय करतो? एकेक फ्यूज काढतो आणि ओरडून विचारतो, "कुठला दिवा गेला?" माजघरातला गेला तर तो फ्यूज माजघराचा. जनुकांच्या बाबतीत शास्त्रज्ञ हेच करू इच्छीत होते. एक जनुक बंद करावे आणि पेशीत काय थांबते ते पाहावे. परंतु मनुष्याच्या पेशीतील जनुक हाताने उपसून काढण्याजोगे नसते. पुष्कळ वर्षे ही विद्या फार थोड्या प्राण्यांत, फार कष्टाने साधत असे.

मग वाट कशी सापडली? त्यासाठी जनुकाचे काम कसे चालते, ते पाहिले पाहिजे. आपल्या तालुक्याच्या कचेरीत जमिनीचे मूळ दस्तऐवज दफ्तरखान्यात असतात. ते बाहेर कोणास देत नाहीत. हवा असेल त्यास नक्कल मिळते आणि पुढचा सारा व्यवहार त्या नकलेवर चालतो. पेशीतही तसेच आहे. डीएनए हे मूळ दफ्तर पेशीच्या केंद्रकात बंदोबस्तात असते. एखादे प्रथिन बनवायचे झाले की त्या जनुकाची आरएनए नावाची नक्कल निघते, ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. आता लक्षात घ्या, व्यवहार बंद पाडायचा असेल तर दफ्तरखाना फोडण्याची गरज नाही. बाहेर येणारी नक्कल तेवढी वाटेत फाडली की पुरे. दस्तऐवज जागच्या जागी सुखरूप राहतो, परंतु त्याचा आवाज बाहेर पोहोचत नाही. यालाच जनुकाचे मौन म्हणतात.

ही नक्कल फाडण्याची सोय माणसाने शोधून काढलेली नाही. ती सृष्टीत होतीच, आणि ती उघडकीस आली एका फुलापायी. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये नापोली, जॉर्गेन्सन आणि त्यांचे सहकारी पेट्यूनियाच्या फुलांवर काम करीत होते. फुलांचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून त्यांनी रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत झाडात घातली. अपेक्षा अशी की, जनुक दुप्पट तर रंगही दुप्पट. परंतु फुले उमलली ती कित्येक झाडांवर पांढरीशुभ्र, कित्येकांवर पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्यांची. अशी झाडे ४२ टक्क्यांपर्यंत निघाली. नवे जनुक बोललेच नाही, आणि जुने बोलत होते तेही गप्प बसले. हा वृत्तान्त १९९० साली प्रसिद्ध झाला. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून त्याने कुंड्या रिकाम्या केल्या असत्या. या मंडळींनी फसलेला प्रयोग जसाच्या तसा छापला, हे त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

उलगडा झाला तो आठ वर्षांनी, एका कृमीत. हा कृमी मिलिमीटरभर लांबीचा असतो. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी स्नायूंशी संबंधित अशा एका जनुकाच्या आरएनएचे तुकडे या कृमीत टोचून पाहिले. आरएनए एरवी एकपेडी असतो. त्याचा सुलटा पेड एकटा टोचला, फारसे काही घडले नाही. उलटा पेड एकटा टोचला, तरी फारसे घडले नाही. दोन्ही पेड एकमेकांत गुंफून दुपेडी आरएनए टोचला, तेव्हा कृमी आचके देऊ लागला. ते जनुक मुके झाले होते. शिवाय प्रत्येक पेशीत अशा आरएनएचे अगदी मोजके कण गेले, तरी परिणाम पुरा होत होता. याचा अर्थ उघड होता. पेशीच्या आत एखादे यंत्र आहे, आणि दुपेडी आरएनए ही त्या यंत्राची चावी आहे. हा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि २००६ साली या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले.

ते यंत्र कसे चालते, हेही पुढील दोनतीन वर्षांत अनेकांच्या कामातून कळले. पेशीत 'डायसर' नावाचे एक प्रथिन आहे. लांबलचक दुपेडी आरएनए आला की ते त्याचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करते. या तुकड्यांनाच आज एसआय-आरएनए म्हणतात. आपण त्यांस सोयीसाठी 'चिठ्ठी' म्हणू. ही चिठ्ठी दुसऱ्या एका प्रथिनसमूहाच्या हाती पडते. तो तिचा एक पेड टाकून देतो आणि दुसरा हाती धरून नकला तपासीत सुटतो. ज्या नकलेचा मजकूर चिठ्ठीशी जुळेल, ती नक्कल तेथल्या तेथे कापली जाते. एक कापली की दुसरी, दुसरी कापली की तिसरी. चिठ्ठी मात्र तीच राहते. विषाणूंपैकी कित्येकांचा वंश दुपेडी आरएनएच्या रूपाने वाढतो. त्यांच्यापासून बचाव म्हणून वनस्पतींनी आणि कीटकांनी हे यंत्र राखलेले आहे.

मग माणसाच्या पेशीत हे का करू नये? करून पाहिले, आणि प्रथम हात पोळले. माणसाच्या पेशीत लांब दुपेडी आरएनए घातला की पेशीला विषाणूचा हल्ला झाल्याचा भास होतो आणि ती सगळेच काम बंद करते. एक फ्यूज काढायला जावे तो वाड्याचे मुख्य बटणच बंद पडावे, तसे. यातून मार्ग काढला जर्मनीत ग्योटिंगेन येथे थॉमस टूशल आणि सय्यदा एल्बशीर यांच्या चमूने. त्यांनी विचार केला की, लांब आरएनए देऊन पेशीकडून तुकडे करून घेण्यापेक्षा एकवीस अक्षरांची चिठ्ठी आपणच रसायनशाळेत बनवून दिली तर? पेशी घाबरली नाही. नेमके तेवढेच जनुक गप्प झाले. मे २००१ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि ज्या जनुकाचे अक्षर ठाऊक आहे ते कोणतेही जनुक माणसाच्या पेशीत गप्प करण्याचा मार्ग मोकळा झाला. मनुष्याच्या साऱ्या जनुकांचा पहिला मसुदा त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. एकीकडे वीस हजार नावांची यादी हाती आली, तर दुसरीकडे एकेका नावाला गप्प बसविण्याची युक्ती.

कर्करोगाच्या संशोधनात तिचा उपयोग तत्काळ सुरू झाला. एक उदाहरण सांगतो. 'के-रास' नावाचे एक जनुक आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात ते बहुतेक रोग्यांत बिघडलेले असते, आणि बिघाड पुष्कळदा एका अक्षराचा असतो. ॲम्स्टरडॅम येथील कर्करोग संस्थेत ब्रुमेलकांप, बर्नार्ड्स आणि अगामी या तिघांनी २००२ साली असे केले की, बिघडलेल्या अक्षराशी जुळेल आणि निर्दोष अक्षराशी जुळणार नाही, अशी चिठ्ठी योजिली. ती त्यांनी विषाणूच्या वाहनातून पेशीत घातली आणि पेशीकडूनच सतत बनवून घेतली. बिघडलेले के-रास गप्प झाले, निर्दोष के-रास बोलत राहिले. अशा पेशी उंदरांत टोचल्या, तेव्हा त्यांच्या गाठी झाल्या नाहीत. शेकडो बिघाडांनी भरलेली ती पेशी, पण तिची गाडी हाकणारा हाच होता, हे त्या एका मौनाने सांगितले.

येथे थोडे थांबले पाहिजे. हे २००२ साली कळले, तर मग स्वादुपिंडाचा कर्करोग तेव्हाच का बरा होऊ लागला नाही? कारण काचेच्या बशीतील पेशीत चिठ्ठी घालणे वेगळे आणि माणसाच्या पोटातील गाठीत घालणे वेगळे. हाकणारा कोण हे कळणे ही एक गोष्ट, त्याच्यापर्यंत हात पोहोचणे ही दुसरी. के-रासवर थेट चालणारे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले ते २०२१ साली, तेही त्याच्या एका निराळ्या बिघाडावर, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. आणि ते औषध म्हणजे एसआय-आरएनए नव्हे, साधी तोंडाने घ्यावयाची गोळी आहे. मधली एकोणीस वर्षे नीट लक्षात ठेवावीत. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ती कधी दिसत नाहीत.

आता आम्हांस जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येतो. एसआय-आरएनए हे औषध म्हणून पुढे काय होईल ते होवो. परंतु प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून त्याने रोग्याचे काय भले केले, हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका प्रकारावरून दिसते.

'बी-राफ' नावाच्या जनुकातील एक ठरावीक बिघाड त्वचेच्या मेलॅनोमा नावाच्या कर्करोगात पुष्कळ आढळतो. त्यावर वेमुराफेनिब नावाचे औषध निघाले आणि सुमारे निम्म्या रोग्यांच्या गाठी त्याने आकसल्या. तोच बिघाड मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही काही रोग्यांत असतो. तेच जनुक, तोच बिघाड, मग तेच औषध चालावे. परंतु २१ रोग्यांस ते दिले, तेव्हा गुण आला तो एकास. हे कोडे होते. ॲम्स्टरडॅमच्या त्याच संस्थेत बर्नार्ड्स यांच्या चमूने ते असे सोडवले. त्यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या, हा बिघाड असलेल्या पेशी घेतल्या. पेशीत निरोप पुढे ढकलणारी पाचशेवर प्रथिने असतात; त्या प्रत्येकाच्या जनुकासाठी चिठ्ठ्या तयार करून त्या साऱ्या पेशींत वाटल्या. सर्वसाधारणपणे एका पेशीत एकच जनुक गप्प. मग त्या पेशींचे दोन भाग केले. एकास वेमुराफेनिब दिले, दुसऱ्यास दिले नाही. काही आठवड्यांनी दोन्ही भागांतील चिठ्ठ्यांची मोजदाद केली. औषध नसलेल्या भागात जी चिठ्ठी हजर आहे आणि औषध दिलेल्या भागात जी गैरहजर आहे, तिच्या धन्यांचे काय झाले? ते मेले. म्हणजे ते जनुक गप्प असेल तर औषध लागू पडते. गैरहजर चिठ्ठ्यांवर एका जनुकाचे नाव पुनःपुन्हा आले, ईजीएफआर.

याचा अर्थ असा होता की, आतड्याच्या पेशीत औषधाने पुढचे दार लावले की पेशी ईजीएफआरचे मागचे दार उघडते. मेलॅनोमाच्या पेशींत हे मागचे दार जवळजवळ नसतेच, म्हणून तेथे एक औषध पुरते. आणि सुदैव असे की, मागचे दार लावणारे औषध २००४ सालापासून बाजारात होते. कोणासही ही दोन औषधे एकत्र देण्याचे सुचले नव्हते. हा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला; त्याच वर्षी बॉस्टनच्या संशोधकांनीही स्वतंत्रपणे तेच सांगितले. पुढे ६६५ रोग्यांवर रीतसर चाचणी झाली. बी-राफवरचे नवे औषध आणि ईजीएफआरवरचे जुने औषध मिळून ज्यांस दिले, त्यांचे मध्यम आयुर्मान ८.४ महिने भरले. प्रचलित उपचार मिळालेल्यांचे ५.४ महिने. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत हा जोड-उपचार मान्य झाला.

तीन महिने! आपल्यापैकी कोणी मनात म्हणेल, एवढ्या खटाटोपाचे फळ एवढेच काय? आमचे म्हणणे असे की, ज्याच्या घरात हा रोग आला आहे, त्यास हे विचारून पहावे. कोणाला त्या तीन महिन्यांत मुलीचे लग्न पाहावयास मिळते. शिवाय हा मध्यम आकडा आहे. काहींस कमी मिळते, काहींस पुष्कळ अधिक मिळते. आणि ज्या रोग्यांस हे मिळाले, त्यांच्या शरीरात एसआय-आरएनएचा एक कणही गेलेला नव्हता. मौन पाळले ते बशीतल्या पेशींनी, फळ मिळाले ते माणसांना.

श्रोतेहो, येथेच थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. परंतु ते अर्धे झाले असते. मौन खरे बोलते, तसे ते खोटेही बोलते.

पुन्हा वाड्यात जाऊ. आपण फ्यूज काढला आणि माजघरातला दिवा गेला. आपण फळीवर 'माजघर' असे लिहून ठेवले. परंतु काढताना बोटाच्या धक्क्याने शेजारचा फ्यूजही सैल झाला असेल तर? दिवा त्याने गेला असेल तर? फळीवरचे नाव चुकले, आणि ते पुसायला कोणी येणार नाही.

एसआय-आरएनएच्या बाबतीत हे कसे घडते, याचा हिशेब घरी बसून करता येतो. आरएनएची अक्षरे चार. चार अक्षरांतून एकवीस अक्षरी शब्द किती होतील? चार लक्ष चाळीस हजार कोटींच्या आसपास. तेव्हा एकवीस अक्षरी चिठ्ठी भलत्या नकलेशी योगायोगाने पुरती जुळेल, ही भीती जवळजवळ नाही. सर्वांचा असाच समज होता. परंतु २००३ पासून दिसू लागले की, चिठ्ठीच्या आरंभाची सहा-सात अक्षरे जुळली, तरी त्या नकलेचा आवाज काही अंशी दबतो. सात अक्षरी शब्द किती होतील? अवघे १६,३८४. एकेक नक्कल हजारो अक्षरांची असते आणि नकला हजारो प्रकारच्या. मग कोणताही सात अक्षरी शब्द शेकडो ठिकाणी सापडणारच. आपण एकास गप्प करायला गेलो आणि आपल्या नकळत पन्नास जण कुजबुजू लागले. पेशी मेली ती कोणामुळे?

हा दोष बारीकसा, प्रयोगशाळेतल्या लोकांनी आपापसांत निस्तरण्याचा, असे कोणास वाटेल. तसे नाही. 'एमईएलके' नावाचे एक प्रथिन अनेक कर्करोगांत जास्त प्रमाणात सापडते. त्याचे जनुक एसआय-आरएनएने व तत्सम युक्तीने गप्प केले की कर्करोगाच्या पेशी वाढत नाहीत, असे अनेक निबंध प्रसिद्ध झाले. त्यावरून एमईएलकेला रोखणारे औषध बनवण्यात आले आणि ते रोग्यांवरील चाचण्यांतही गेले. दरम्यान जनुक मुळातूनच कापून काढण्याची क्रिस्पर नावाची नवी रीत हाती आली होती. न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जेसन शेल्टझर यांच्या चमूने २०१७ साली त्या रीतीने एमईएलके काढून टाकले. त्या कामात पदवीच्या वर्गात शिकणारे दोन विद्यार्थी आघाडीवर होते. मुळात हे जनुक त्यांनी खात्रीचा नमुना म्हणून घेतले होते. ते काढले की पेशी मरणार, असे धरून. पेशी मेल्या नाहीत. त्या पूर्वीसारख्याच सुखाने वाढत राहिल्या. त्याहून आश्चर्य म्हणजे, ज्या पेशींत एमईएलके उरलेच नव्हते, त्यांनाही ते औषध पूर्वीइतकेच मारीत होते. म्हणजे औषध कोणास तरी मारीत होते, पण ज्याचे नाव लिहिले होते त्यास नव्हे.

याच चमूने २०१९ साली आणखी सहा प्रथिने आणि त्यांच्यावर योजिलेली दहा औषधे अशीच तपासली आणि निष्कर्ष तोच निघाला. त्यांतील एका औषधाचे खरे लक्ष्य त्यांनी शोधूनही काढले. ते भलतेच प्रथिन होते. अशा चाचण्यांत कोण भाग घेतात, याचा विचार करा. ज्यांचे इतर उपाय संपले आहेत, ते. आपल्या शेवटच्या महिन्यांचा विश्वास टाकून ते सही करतात. फळीवरचे नाव चुकले म्हणून अंधार होतो तो त्यांच्या घरात. म्हणून आम्ही म्हणतो की, शास्त्रातील काटेकोरपणा ही पंडितांची हौस नसून ती रोग्याविषयीची दया आहे.

मग ही विद्या टाकून द्यावी काय? मुळीच नाही. साक्षीदार एकदा चुकला म्हणून कोर्ट बंद करीत नाहीत, उलटतपासणी करतात. येथे उलटतपासणीच्या रीती ठरलेल्या आहेत. एकाच जनुकासाठी एक नव्हे, निरनिराळ्या मजकुराच्या तीनचार चिठ्ठ्या वापराव्यात. प्रत्येकीची भलती सोबत निराळी असते, तेव्हा सगळ्यांचा परिणाम एक झाला तरच विश्वास ठेवावा. त्याहून चांगली रीत अशी की, जनुक गप्प केल्यावर त्याच जनुकाची, परंतु चिठ्ठीला ओळखू येणार नाही अशी अक्षरे बदललेली प्रत पेशीत परत घालावी. पेशी सावरली तर दोष त्या जनुकाचाच. सावरली नाही तर आपली साक्ष खोटी. आणि शेवटी क्रिस्परसारख्या निराळ्या रीतीने पडताळा घ्यावा. क्रिस्पर आला म्हणून एसआय-आरएनए निरुपयोगी झाला, असेही नाही. जनुक मुळातून काढणे आणि त्याचा आवाज कमी करणे, यांत फरक आहे. आणि औषध जे करते ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते.

आता औषधाचे काय, तेही सांगून टाकू, कारण कात्रण त्याविषयीच होते. एसआय-आरएनए नुसताच रक्तात टोचला तर रक्तातील विकरे तो कुरतडतात, मूत्रपिंडे काही मिनिटांतच गाळून टाकतात, आणि उरलेला पेशीच्या दारात अडतो. चिठ्ठीची रासायनिक ठेवण बदलून आणि तिला मेदाच्या कणात गुंडाळून किंवा विशिष्ट शर्करेची जोड देऊन ही अडचण सुटली, परंतु एका अवयवापुरती. तो अवयव म्हणजे यकृत. रक्तातील असले कण यकृत स्वभावतःच ओढून घेते. त्यामुळे २०१८ साली पहिले एसआय-आरएनए औषध, पॅटिसिरॅन, मान्य झाले ते यकृतात बनणाऱ्या एका सदोष प्रथिनावर. त्याने नसांचा एक आनुवंशिक रोग आटोक्यात येतो. पुढे याच जातीचे, कोलेस्टेरॉल उतरविणारे, पहिल्या दोन मात्रांनंतर सहा महिन्यांनी एकदा टोचावयाचे औषधही आले. ही सारी खरी औषधे आहेत. परंतु कर्करोगावरचे एकही नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नव्हे. कॅलिफोर्नियातील मार्क डेव्हिस यांच्या चमूने २०१० साली दाखवून दिले की, मेलॅनोमाच्या रोग्यास शिरेतून दिलेले एसआय-आरएनएचे सूक्ष्म कण गाठीपर्यंत पोहोचतात आणि नक्कल नेमकी हिशेबाप्रमाणे ठरलेल्या जागी कापली जाते. २०१३ साली दुसऱ्या एका औषधाच्या पहिल्या चाचणीत गर्भाशयाच्या कर्करोगाच्या एका रुग्ण स्त्रीच्या यकृतात पसरलेल्या गाठी नाहीशा झाल्या. इस्राएलात स्वादुपिंडाच्या गाठीतच, विरघळणाऱ्या लहानशा कांडीतून बिघडलेल्या के-रासवरची चिठ्ठी ठेवून पाहिली. हे सारे आशेचे किरण आहेत. परंतु किरण म्हणजे उजाडणे नव्हे. गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, आतला दाब मोठा. चिठ्ठी पेशीच्या आत शिरली तरी बहुतेक भाग आतल्या पिशवीतच अडकून नासतो. आणि शंभरांतील दहा पेशी वाचल्या तरी रोग पुन्हा उभा राहतो. कोलेस्टेरॉल नव्वद टक्के उतरले तर आपण पेढे वाटू. कर्करोगाच्या नव्वद टक्के पेशी मेल्या तर लढाई अजून बाकीच असते.

तेव्हा त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देऊ. काकासाहेब, तुमच्या कात्रणात म्हटल्यासारखे, कर्करोगाचे जनुक गप्प करणारे एसआय-आरएनए औषध आज दवाखान्यात मिळत नाही. त्याच्या भरवशावर चालू उपचार एक दिवसही थांबवू नका. परंतु तुमच्या घरच्यांस डॉक्टर जी औषधे देतात, त्यांतील एखाद्याचे लक्ष्य कोणते असावे, कोणत्या दोन औषधांची जोडी जमेल, हे कदाचित कोठेतरी एका बशीतील पेशींना गप्प करूनच कळलेले असेल. तेवढ्यापुरते तुमचे कात्रण खरे आहे. आणि पुढच्या खेपेस असे कात्रण हाती आले, तर त्यास तीन प्रश्न विचारा. हे बशीतल्या पेशींत झाले, उंदरांत झाले की माणसांत? एकाच रीतीने पाहिले की दुसऱ्या रीतीने पडताळले? आणि औषध ज्यास लागू पडते म्हणतात, त्याच्यापर्यंत ते पोहोचते का? या तीन प्रश्नांस शास्त्राची पदवी लागत नाही.

पेट्यूनियाचे फूल पांढरे झाले, तेव्हा त्यात कर्करोगाचा संबंध कोणासही दिसला नव्हता. ज्यांनी ते पाहिले, त्यांनी आपली अपेक्षा खोटी ठरल्याचे लपवले नाही. सत्तावीस वर्षांनी दोन विद्यार्थ्यांच्या बशीतील पेशी मेल्या नाहीत, तेव्हा त्यांनीही ते लपवले नाही. या दोन प्रामाणिकपणांच्या मध्ये ही सारी विद्या उभी आहे. जनुकास गप्प करणे आता सोपे झाले आहे. आपल्या मनातल्या आवडत्या उत्तरास गप्प करून समोर दिसते ते ऐकणे, हे आजही अवघडच आहे, आणि रोगी वाट पाहत असतो तो त्याचीच.